बेदाण्याच्या पाण्यातली नासपती

जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पितळी पळी वाजली की समजायचं, खाली नासपती शिजली. पाठोपाठ आवाज यायचा, "आवं सातारकर, या खाली. दिवस हाय तवर खावा."

मी बँकेतून येऊन नुकती चप्पल काढलेली असायची. 'आलेच' म्हणून जरा वेळ काढला तर पळी पुन्हा वाजायची, आणि या खेपेला जरा रागाने. आमच्या घरमालकांचं घर जैनांचं. सूर्य मावळला की त्या घरात पाण्याचा घोटही कुणी घेत नसे. मला कसली आलीय बंदी? मी आपली रात्री बातम्या बघत भाकरी खाणारी बाई. पण त्यांच्या हातचं खायचं तर त्यांच्या वेळेला खायचं, आणि त्यांची वेळ भिंतीवरच्या घड्याळात नव्हती, पश्चिमेच्या खिडकीत होती.

सांगलीला माझी बदली झाली तेव्हा हे शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने यायचे. आठवडाभर वरच्या दोन खोल्यांत मी एकटी. खाली घरमालक दोघंच. ते अण्णा आणि त्या आक्का. अण्णा बोलायला फार काटकसरी माणूस. गुडघे दुखायचे म्हणून दारातल्या खुर्चीवर बसून असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान हलवून उत्तर द्यायचे. दोघांच्या वाटचं आक्का बोलायच्या.

आक्का हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना आक्का म्हणायचा. आई लवकर गेली म्हणून आक्कांनीच त्याला वाढवलं. तो सारखा 'आक्का, आक्का' करत मागे मागे असायचा, ते ऐकून माहेरची आळी तसं म्हणायला लागली. लग्न होऊन त्या सांगलीला आल्या तर भाऊ शाळेसाठी पाठोपाठ आला, मग ही गल्लीही तेच म्हणायला लागली. शेवटी अण्णाही. बायकोला आक्का म्हणून हाक मारणारा नवरा तुम्ही पाहिलाय का कुठे? मी पाहिलाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जिन्यावर बसून हसावं लागलं होतं.

हा भाऊ पुढे तासगावकडच्या आपल्या द्राक्षबागेत रमला. बेदाण्याची शेड टाकली, चांगलं चाललं होतं. लग्नाचं बघत होते, तेवढ्यात त्याचं मन संसारातून उठलं. काही वर्षं एका मुनिसंघाबरोबर हिंडला आणि मग दीक्षा घेऊन स्वतःच दिगंबर मुनी झाला. हे आक्कांनी मला एका बैठकीत सांगितलेलं नाही. नासपती सोलता सोलता, थोडं थोडं, कधी पुढचं आधी तर कधी आधीचं मागून, असं सांगितलंय. बोलताना 'त्यो' म्हणायच्या आणि लगेच जीभ चावून 'महाराज' म्हणायच्या.

पावसाळ्यात मंडईत उत्तरेकडची नासपती येते. कडक, हिरवट, खाल्ली तर दातांना कचकच लागते. आक्का तीच घ्यायच्या. पिकलेली शिजवताना मोडते म्हणायच्या. आधी बेदाणे निवडायचे, एक एक उलगडून बघायचा, किडामुंगी तर नाही ना. मग ते गाळलेल्या पाण्यात उकळायचे, कुस्करायचे, फडक्यातून पिळून घ्यायचे. त्या तांबूस पाण्यात दोन लवंगा आणि सोलून, बिया काढून केलेल्या नासपतीच्या फोडी. वर झाकण आणि आच अगदी मंद. पाणी खळखळायला लागलं की आक्का असतील तिथूनच गॅस बारीक करायला ओरडायच्या, कारण फळाला उकळी सोसत नाही. नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. फोड काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. साखर नाही, गूळ नाही, काही नाही.

मी कंदी पेढ्याच्या गावची. मला हे बिनसाखरेचं प्रकरण कसं रुचावं? एकदा रविवारी मी वर माझ्या पद्धतीने केली. साखरेचा पाक, केशर, वेलची, वरून बदामाचे काप. वाटी घेऊन ऐटीत खाली गेले. आक्कांनी एक फोड खाल्ली आणि वाटी बाजूला ठेवली.

"गोड झालंय," त्या म्हणाल्या. "नासपती कुठं हाय ह्यात?"

मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पळी वाजली आणि मी मुकाट्याने खाली गेले. तोंडात फोड ठेवली आणि पहिल्यांदा लक्षात आलं, की आधी बेदाण्याचा गोडवा येतो आणि मग मागून नासपती स्वतः येते. त्यांचं बरोबर होतं. मी तसं म्हटलं नाही हा भाग वेगळा.

साखर नसण्याचं कारण भाऊच. हे मुनी चालत गावोगाव जातात, दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्याने आणि ओंजळीत. शिवाय एक एक पदार्थ सोडत जातात. कुणी मीठ, कुणी साखर, कुणी तूप. मी विचारलं होतं, हे कशासाठी? पोट भरायचं तर मिठाने काय बिघडतं?

"ज्याच्यात जीव अडकतोय ते सोडायचं," आक्का म्हणाल्या. "अडकत न्हाई ते कशाला सोडायचं?"

म्हणून मुनी कुठल्याही गावात आले की तिथले लोक आधी चौकशी करतात, महाराजांचा कशाकशाचा त्याग आहे, आणि त्याप्रमाणे स्वयंपाक करतात. या महाराजांचा साखर, गूळ आणि मिठाचा त्याग होता. शिवाय त्यांना फळ कच्चं चालत नाही, शिजवलेलंच लागतं. आणि बागेत असताना पावसाळ्यात सांगलीच्या बाजाराला आला की हाच भाऊ नासपती घेऊन यायचा. आक्का शेडमधल्या फुटक्या बेदाण्याच्या पाण्यात ती शिजवायच्या. फोडी संपल्या की तो वाटी तोंडाला लावून राहिलेलं पाणी प्यायचा. त्याच्या सगळ्या त्यागांतून ही एक वस्तू वाचली होती. आक्का ती मनात धरून बसल्या होत्या. कधीतरी महाराज सांगलीला येतील, आपल्या दारात थांबतील, आपल्या हातची नासपती घेतील. वर्षानुवर्षं त्या प्रत्येक पावसाळ्यात करून बघत होत्या, हात मोडू नये म्हणून.

त्यात एक अडचण होती. मुनींसाठी केलेलं अन्न आधी चाखता येत नाही. त्यामुळे न चाखता जमवायची सवय त्यांनी लावून घेतली होती. सरावाची नासपती दुसऱ्या कुणीतरी खायची आणि कशी झालीय ते सांगायचं. अण्णांना विचारून उपयोग नव्हता, ते दगडालाही 'बरं हाय' म्हणाले असते. मग ही कामगिरी माझ्याकडे आली. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी मुद्दाम डोळे मिटून वेळ लावायची. "बोला की वो," म्हणून गुडघ्यावर चापट बसायची. असे फुकटचे लाड मी सांगलीत बरेच करून घेतले.

आणि एका वर्षी खरंच बातमी आली, आधी मोबाइलवर, मग बस्तीतून, म्हणजे त्यांच्या मंदिरातून. महाराजांचा चातुर्मास यंदा सांगलीत, आमच्याच गल्लीच्या टोकाच्या बस्तीत. पावसाळ्याचे चार महिने मुनी एका जागी राहतात. मी वरून आक्कांना बघत होते. अंगणात वाळत घातलेले कपडे त्या काढत होत्या आणि परत वाळत घालत होत्या.

तुम्हाला वाटेल, सख्खा भाऊ, चार पावलांवर उतरलाय, त्याला जेवायला बोलावलं की झालं. तसं नसतं. मुनींना आमंत्रण चालत नाही. सकाळी ते बस्तीतून निघतात तेव्हा मनात काहीतरी नियम धरलेला असतो. अमुक दिसलं तर त्या दारात थांबायचं, नाहीतर उपाशी परतायचं. तो नियम कुणाला माहीत नसतो. घरोघरी लोक सोवळ्यात, कलश नाहीतर फळ हातात धरून दारात उभे राहतात, 'नमोस्तु' म्हणतात, आणि महाराज कुणाच्या तरी दारात थांबतात नाहीतर सरळ पुढे जातात.

ते आमच्या दारावरून पुढे जात राहिले. एक दिवस, दुसरा दिवस, आठवडा, महिना. शेजारी थांबले, समोर थांबले, कोपऱ्यावरच्या नव्या सुनेच्या दारात दोनदा थांबले. आक्का रोज पहाटे उठून नासपती शिजवायच्या, अण्णा दुखऱ्या गुडघ्यांनी शेजारी उभे राहायचे, आणि संध्याकाळी पळी वाजायची. त्या पावसाळ्यात मी इतकी नासपती खाल्ली की शनिवारी आलेल्या ह्यांनी विचारलं, तुला दुसरं काही देतात की नाही? मला हसू आलं आणि लगेच आक्कांची कीव आली. त्या एका शब्दाने तक्रार करत नव्हत्या, फक्त पळी वाजवायचा जोर कमी झाला होता.

तो रविवार होता. आदल्या दिवशी महाराजांचा उपवास होता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आक्का त्या दिवशी कलशाऐवजी नुसती एक नासपती हातात धरून उभ्या होत्या. महाराज आले आणि थांबले.

आमच्या जिन्याला मध्यावर एक वळण आहे. तिथे उभं राहिलं की एका बाजूला खालच्या पुढच्या खोलीची खिडकी दिसते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची. मी तिथे उभी राहिले. महाराज पाटावर उभे होते. मान खाली, हातांची ओंजळ पुढे. खाली परात. शेजारचे दोघंतिघं सोवळ्यात मदतीला आलेले. आधी पाणी दिलं. मग आक्कांनी नासपतीची फोड ओंजळीत ठेवली. त्यांनी खाल्ली. दुसरी फोड ठेवायला आक्का वाकल्या आणि त्यांना महाराजांच्या अंगठ्याखालचा व्रण दिसला. द्राक्षाच्या छाटणीत कात्री लागून झालेला. त्याला त्यांनीच हळद दाबून चिंधी बांधली होती. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त ऐकू आलं. आक्कांच्या तोंडून हुंदका फुटला.

महाराजांनी ओंजळ सोडली. फोड परातीत पडली आणि ते खाली बसले.

मला काही कळेना. शेजारच्या बाईंनी नंतर समजावलं. मुनी जेवत असताना कुणाचं रडणं कानावर आलं की अंतराय होतो, जेवण तिथंच थांबतं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. आदल्या दिवशी उपवास आणि आज एक फोड. महाराज उठले, मोरपिसांची पिंछी उचलून सगळ्यांना आशीर्वाद दिला आणि बस्तीकडे चालत गेले. ऊन तर असं होतं की रस्त्याकडे बघवत नव्हतं.

गल्लीतल्या कुणी आक्कांना बोल लावला नाही, हे मी सांगते. उलट येऊन येऊन समजूत घातली. हे असं कुणाच्या हातून व्हायचं ते होतं, ते त्यांच्या कर्माचं, तुमचा दोष नाही. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"माज्या हातनं उपाशी गेला," एवढंच म्हणत होत्या. त्या दिवशी त्यांनी 'महाराज' असा बदल केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या दारात उभ्या राहिनात. स्वयंपाक करायच्या, पण उभे राहायचे अण्णा आणि शेजारचं जोडपं. अण्णांनी त्यांना समजावलं. एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. बाकी सगळ्यांच्या हातचं घेतात, तुझ्या हातचंही घेतील, एकदा झालं म्हणजे रोज होईल का? आक्का म्हणाल्या, मला माझा भरवसा नाही.

दिवाळी जवळ आली, चातुर्मास संपत आला. मंडईत नासपती शेवटची, डाग पडलेली. आक्का त्यातली निवडून आणायच्या. एका सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून कपडे आवरत होते, तेवढ्यात खाली 'नमोस्तु' ऐकू आलं आणि ते पुढच्या दारांकडे सरकलं नाही, म्हणजे महाराज आमच्याच दारात थांबले. मी वळणावर आले.

पुढच्या खोलीत महाराज उभे, अण्णा फोडी वाढत होते. स्वयंपाकघरात आक्का. मधल्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या, तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. भिंतीच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला त्या. दोघांना एकदम बघणारी मी एकटी. माझे डोळे भरून आले आणि मीही पदर तोंडात धरला, न जाणो माझाच आवाज जायचा.

महाराजांनी सगळ्या फोडी घेतल्या. शेवटी अण्णांनी राहिलेलं बेदाण्याचं पाणी ओंजळीत ओतलं. तेही ते प्यायले. सगळं व्यवस्थित पार पडलं. ते बसले, लोक पाया पडले. अण्णांनी आत बघून हाक मारली, "आक्का, यी. आशीर्वाद घी."

आता रडल्याने काही बिघडणार नव्हतं. पण आक्कांचा चेहरा रडून सुजला होता. तसं तोंड घेऊन त्याच्यासमोर जायचं नाही म्हणून त्या मोरीत तोंड धुवायला गेल्या. पदर नीट करून बाहेर आल्या तेव्हा महाराज निघाले होते. गल्लीच्या वळणावर माणसांच्या घोळक्यात पाठ तेवढी दिसली.

संध्याकाळी पळी वाजली नाही. मीच खाली गेले. आक्कांनी मला विचारायला सुरुवात केली. सगळी खाल्ली का? पाणी प्याले का? पहिली फोड घेतल्यावर थांबले का? चेहरा कसा होता? मी जे पाहिलं ते सांगितलं. मान खाली होती, चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"वळखली आसंल का वो त्यानं?"

मी म्हटलं, मला कसं कळणार आक्का? खोटं बोलून काही फायदा नव्हता. त्यांनी लगेच पकडलं असतं.

"न वळखलेलीच बरी," त्या म्हणाल्या. "साधू हाय त्यो. त्येनं वळखू ने." आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पाणी सगळं प्याले का.

महाराज कर्नाटकाकडे निघून गेले. दीड वर्षाने माझी साताऱ्याला बदली झाली. फोन व्हायचे. दर पावसाळ्यात कुणाबरोबर तरी बेदाण्याची पिशवी यायची. फोनवर आक्का माझ्या गुडघ्यांची, ह्यांच्या नोकरीची, पावसाची चौकशी करायच्या आणि ठेवता ठेवता म्हणायच्या, "सातारकर, तुमी बघितलंय म्हणून इचारते..." पुढचं वाक्य मला पाठ होतं आणि माझं उत्तरही त्यांना. तरी त्या विचारायच्या आणि मी सांगायची.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. मला निरोप उशिरा मिळाला. जायला झालं ते या पावसाळ्यात. इस्लामपूरच्या पुढे गाडी तासभर खोळंबली आणि मी पोचेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. अण्णा दारातल्या खुर्चीवर नव्हते. आतून लवंगेचा वास येत होता.

अण्णा स्वयंपाकघरात गॅसपाशी उभे होते. नासपती शिजवत होते. पाणी खळखळत होतं आणि फोडींचे तुकडे झाले होते. आक्का असत्या तर तिथूनच ओरडल्या असत्या. मी हात पुढे करून गॅस बारीक केला. अण्णांनी वाटी माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसले.

मग ते बोलले. मध्ये ते महाराजांच्या दर्शनाला गेले होते. बेळगावच्या पलीकडे एका खेड्यात महाराजांचा मुक्काम होता. बहीण गेली हे त्यांना कळलं होतं. त्यांनी आशीर्वाद दिला, विचारलं काही नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या लोकांच्या स्वयंपाकाला हातभार लागावा म्हणून अण्णांनी सांगलीहून नेलेली नासपती आणि बेदाणे काढून दिले. तिथल्या बाईने ते हात जोडून परत केले. हे चालत नाही म्हणाली. महाराजांचा नासपतीचा त्याग आहे आणि बेदाण्याचाही. अण्णांनी विचारलं, कधीपासून?

"सांगलीच्या चातुर्मासापासनं म्हणली," अण्णा म्हणाले. "हितनं निगाले त्याच म्हयन्यात सोडलं. जल्मभराचं."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. आक्कांचं वाक्य मला आठवलं आणि अण्णांनाही आठवत असणार, कारण ते माझ्याकडे न बघता पश्चिमेच्या खिडकीकडे बघत होते. ज्याच्यात जीव अडकत नाही ते कशाला कोण सोडतंय? इतकी वर्षं त्या मला 'वळखली आसंल का' विचारत राहिल्या आणि उत्तर तिकडे बेळगावच्या पलीकडे त्या बाईला माहीत होतं. एक फोन लागला असता. कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

"तिला कळाय पायजे हुतं," अण्णा म्हणाले. मग पळीने राहिलेलं पाणी माझ्या वाटीत ओतलं.

"खावा," ते म्हणाले. "दिवस हाय अजून."